नवरा-बायकोनं स्ट्रिप क्लबला जावं का? पोर्टलंड, बँकॉक आणि चौफुला

थायलंडला निघालेल्या मावसबहिणीचा परवा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर आवाज खाली आणून तिनं विचारलं, "ताई, आम्ही दोघं तिथल्या गो-गो बारमध्ये गेलो तर चालेल का गं? यांना बघायचंय, मलाही बघायचंय, पण मन खातंय." मी सिएटलला राहते. नवऱ्याबरोबर अमेरिकेतल्या दोन-तीन स्ट्रिप क्लबांत, म्हणजे कपडे उतरवून नाच चालतो अशा ठिकाणी, जाऊन आले आहे, बँकॉकलाही गेले आहे, आणि लग्नाआधी पुण्याच्या मित्रमैत्रिणींबरोबर चौफुल्याला संगीतबारी, म्हणजे कलाकेंद्रातली लावणी, बघितली आहे. तिला फोनवर तुटक-तुटक सांगितलं, तेच इथे नीट लिहिते.

ठिकाण पारखताना मी दोन गोष्टी बघते. नाचणारी बाई त्या रात्री कुणाचं किती देणं लागते, आणि तिला समोरच्याला "नाही" म्हणता येतं का. अंगावर कपडे किती, यावरून यातलं काहीच कळत नाही. मुंबईच्या डान्स बारमध्ये मुली अंगभर घागऱ्यात नाचायच्या, अमेरिकेतल्या पोर्टलंडला अंगावर चिंधी नसते. पण तेवढ्यावरून मुंबईची मुलगी जास्त सुरक्षित होती असं मला म्हणवत नाही.

अमेरिकेपासून सुरुवात करते, कारण तिथलं मला सगळ्यात जवळून माहीत आहे. ऑरेगन राज्याच्या घटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ तिथल्या न्यायालयांनी फार मोकळा लावला आहे. त्यामुळे पोर्टलंडमध्ये पूर्ण नग्न नाच आणि दारू एकाच छताखाली चालतात. क्लब लहान, कोपऱ्यावरच्या हॉटेलासारखे, आणि जोडपी तिथे सर्रास दिसतात. लास वेगासला प्रकार वेगळा. पूर्ण नग्न नाच असेल तिथे दारू नाही (नॉर्थ लास वेगासमधला एक जुना क्लब सोडून), दारू असेल तिथे टॉपलेसच, म्हणजे फक्त वरचं अंग उघडं. आणि गिऱ्हाईक आणून सोडल्याबद्दल टॅक्सीवाल्याला क्लबकडून पैसे मिळतात, म्हणून तिथे क्लब कधीही टॅक्सीवाल्याच्या सांगण्यावरून निवडू नये.

पोर्टलंडला स्टेजला लागून खुर्च्यांची रांग असते, तिला रॅक म्हणतात. तिथे बसलं की प्रत्येक गाण्याला निदान एक डॉलर समोर ठेवायचा, नाहीतर मागच्या टेबलावर बसायचं. आम्ही रॅकवर बसलो. पुढची मुलगी आली ती हातात फवारा आणि फडकं घेऊन. आपण रात्री ओटा पुसतो तसा तिनं स्टेजवरचा नाचायचा खांब वरपासून खालपर्यंत पुसला, फडकं कोपऱ्यात ठेवलं आणि मग गाणं सुरू झालं. मी तिच्याकडे कामावर आलेली बाई म्हणून बघायला लागले ती त्या फडक्यापासून. नाच संपल्यावर नोटा गोळा करताना ती आमच्याशी बोलली. क्लबचे पैसे भरलेत, अजून डीजे आणि बाउन्सरला द्यायचेत, त्यानंतर उरेल ते माझं, असं तिनं सरळ सांगितलं.

इथलं अर्थकारण हेच आहे. बहुतेक क्लब मुलींना नोकर मानत नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार मानतात. पगार नाही, आजारपणाची रजा नाही. उलट स्टेजवर चढण्यासाठी तीच क्लबला 'हाऊस फी' देते. मंगळवारी गिऱ्हाईक नसलं तर मुलगी रात्रभर नाचून स्वतःच्या खिशातून पैसे घालून घरी जाते, आणि अशी क्लबची बाकी चढत गेली की नको त्या माणसाला खासगी नाचाच्या व्हीआयपी खोलीत "हो" म्हणावं लागतं. कॅलिफोर्नियात २०१८चा एक न्यायालयीन निकाल आणि त्यामागून २०२०पासून लागू झालेला कायदा यांमुळे क्लबांवर मुलींना कर्मचारी मानायची वेळ आली. पण काही क्लबांनी लगेच प्रत्येक नाचातला आपला वाटा वाढवून ते वसूल केलं.

तरीही अमेरिकेबद्दल मला आशा वाटते, कारण तिथे या बायका स्वतः उभ्या राहिल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'लस्टी लेडी' क्लबमधल्या नर्तकींनी १९९७मध्ये युनियनचा करार मिळवला, २००३मध्ये तो धंदाच विकत घेऊन सहकारी पद्धतीनं चालवला; तो २०१३ला बंद पडला. नॉर्थ हॉलिवूडच्या 'स्टार गार्डन' बारच्या मुली मार्च २०२२मध्ये सुरक्षिततेच्या प्रश्नावर बाहेर पडल्या आणि वर्षाहून जास्त काळ फुटपाथवर निदर्शनं करत राहिल्या. मे २०२३मध्ये १७ विरुद्ध ० मतांनी त्यांची युनियन झाली, तीही रंगभूमीवरच्या नटनट्यांच्या 'ॲक्टर्स इक्विटी' या संघटनेत. आणि आमच्या वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२४मध्ये नर्तकींच्या हक्कांचा कायदाच झाला. गिऱ्हाइकाबरोबर एकटीनं जायच्या खोलीत धोक्याचं बटण हवं, कपडे बदलायच्या खोलीला कोडचं कुलूप हवं, हाऊस फी १५० डॉलर किंवा त्या पाळीतल्या कमाईच्या ३० टक्के यांपैकी जे कमी तेवढीच, आणि आजची बाकी उद्याच्या खात्यावर चढवायची नाही. शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते.

बायकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. स्त्री गिऱ्हाइकं न विचारता हात लावतात, ही नर्तकींची नेहमीची तक्रार आहे. "मी पण बाईच आहे, मला काय होतंय" असं वाटतं खरं. आमच्या शेजारच्या जोडप्यातल्या बाईनं मुलीच्या कमरेला हात घातला. मुलीनं हसू न मोडता तो हात उचलून परत टेबलावर ठेवला. बाउन्सर बघत होता, जागचा हलला नाही. नवऱ्यानं तसं केलं असतं तर त्याला दाराबाहेर काढलं असतं. बाईचा हात काही कमी लागत नाही.

आता बँकॉक. पॅटपाँग, नाना प्लाझा, सोई काउबॉय ही तिथल्या गो-गो बारच्या भागांची नावं तुमच्या टूरमधला कुणीतरी बसमध्ये घेतोच. गो-गो बारमध्ये मुली स्टेजवर ओळीनं उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या कपड्याला नंबराचा बिल्ला असतो. वेटरला नाव सांगायचं नाही, नंबर सांगायचा. माझ्या समोरच्या मुलीचा बिल्ला उलटा झाला होता, आणि नाचता नाचता ती तो सारखा सरळ करत होती. मला त्यानंतर दुसरं काही बघवेना.

तिच्यासाठी घेतलेल्या पेयाला 'लेडी ड्रिंक' म्हणतात, त्यात तिला वाटा मिळतो. तिला बाहेर न्यायचं तर बारला द्यायची रक्कम म्हणजे 'बार फाइन'. अनेक बारमध्ये महिन्याला किती ड्रिंक आणि किती बार फाइन व्हायलाच हवेत हे ठरलेलं असतं. कमी पडलं, उशीर झाला, की पगारातून कापतात. आणि १९९६च्या कायद्यानं देहविक्रय गुन्हा असल्यामुळे मालकानं पैसे बुडवले तर तिनं पोलिसांकडे जायचं कोणत्या तोंडानं? अमेरिकेतल्या मुलीच्या डोक्यावर देणं असतं, पण कोर्ट आहे, आता काही ठिकाणी बटण आणि युनियनही आहे. इथे तिच्या "नाही"ची किंमत तिच्याच पगारातून वळती होते. म्हणून बहिणीला मी सरळ सांगितलं, नंबरवाल्या बारमध्ये जाऊ नका. पॅटपाँगच्या वरच्या मजल्यावर 'शो' दाखवतो म्हणणाऱ्या दलालांच्या मागे तर मुळीच नाही. उतरताना भलतंच बिल हातात देऊन दार अडवतात. रोषणाई, नाच, नखरा बघायचा असेल तर पटायाला १९७४पासून चाललेल्या 'टिफनीज'सारखा कॅबरे तिकीट काढून बघा.

थायलंडमध्ये दुसरा रस्ताही दिसतो. चिआंग माईला 'कॅन डू' नावाचा बार देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या 'एम्पॉवर' संस्थेतल्या बायकांनीच २००६मध्ये स्वतःचे पैसे घालून काढला; तिथे ठरलेला पगार आणि सुट्ट्या ठेवल्या. त्यामुळे थायलंडला दुसरं काही शक्यच नाही, असं मी कधी म्हणत नाही.

हे सगळं बंदच करून टाका म्हणणाऱ्यांचंही मला समजतं. आइसलंडनं २०१०मध्ये स्ट्रिप क्लबांवर बंदी आणली. पण आपल्याकडची बंदी आपण बघितली आहे. २००५मध्ये महाराष्ट्रानं डान्स बार बंद केले, तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र मोकळीक ठेवली. सुमारे ७५,००० बायकांची रोजी गेली असं तेव्हा न्यायालयात मांडलं गेलं. किती जणी दुबईला गेल्या, किती जणी याहून वाईट धंद्यात ढकलल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये ती बंदी रद्द ठरवली, सरकारनं २०१६मध्ये नवा कायदा केला, आणि जानेवारी २०१९मध्ये त्यातल्याही बऱ्याच जाचक अटी न्यायालयानं काढून टाकल्या. नोटा उधळायला मनाई तेवढी कायम राहिली, आणि ती राहिली हे बरं झालं. सध्या जे ऑर्केस्ट्रा बार आहेत तिथे जोडप्यानं जाण्यासारखं मला काही दिसत नाही.

आणि चौफुला. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कलाकेंद्रांत आता नवरा-बायको जोडीनं जातात, कुणी वळूनही बघत नाही. स्टेजवर एकेका पार्टीची, म्हणजे नाचगाण्याच्या संचाची, बारी लागते. पेटी, ढोलकी, नऊवारी, पायांत चाळ. लावणी गाणारी बाई स्वतः गाते, अदा स्वतः करते, समोरच्याच्या नजरेला नजर देऊन त्याला गप्प बसवते. स्टेजवर तिच्या हातात जेवढी सत्ता असते तेवढी मी पोर्टलंडलाही बघितली नाही. पार्टीची मालकीण बहुधा बाईच असते.

पण इथेही तीच पारख लावते. इथलं देणं म्हणजे 'उचल', आगाऊ घेतलेले पैसे. घरात लग्न, आजारपण, घराचं बांधकाम निघालं की उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत नाचायचं. हा धंदा ठरावीक समाजांतल्या मुलींच्याच वाट्याला आला, त्यांची लग्नं होऊ दिली नाहीत, आणि भावांचे संसार त्यांच्या चाळावर चालले. ही गोष्ट बाजूला ठेवून लावणीचं कौतुक मला करता येत नाही. शिवाय खासगी बैठकीत दार लागलं की तिच्या "नाही"चं काय होतं, ते बाहेर बसलेल्याला दिसत नाही. म्हणून बैठक घेऊ नका, स्टेजवरच्या बाऱ्या बघा.

तरी या तीन ठिकाणांतून निवडायचं तर आधी चौफुला, मग पोर्टलंड किंवा सिएटल. नंबरवाला बार नाहीच. आणि दोघांपैकी ज्याची तयारी कमी, त्याचा शब्द शेवटचा. दारात पोचल्यावर बायको म्हणाली "नको", तर प्रवेश फी गेली तरी परत फिरायचं, नंतर कुरकुर करायची नाही. फोन खिशात. खासगी नाच घ्यायचा की नाही, कुणी घ्यायचा, किती पैसे, हे घरी ठरवून निघायचं.

चौफुल्याला जाताना सुट्टे पैसे न्या. दौलतजादा, म्हणजे बक्षिसाचे पैसे, उधळू नका, हातात द्या. बाईनं दिली तरी चालते. मी दिली तेव्हा त्या बाईंनी नोट कपाळाला लावली, पेटीवाल्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "सांगा, काय ऐकायचं?"