कोडमधले आडवळणाचे संकेत लिहायचे कुठे? कॉमेंट, मार्गदर्शक, लिंटर आणि कमिट

जुन्या मुक्तस्रोत टेक्स्ट एडिटरच्या कोडमध्ये काही काळ वावरलं, की कुणीच लिहून न ठेवलेले संकेत, म्हणजे नावं आणि रचना यांचे ठरलेले रिवाज, हळूहळू उलगडायला लागतात. ते पुढच्यांसाठी नोंदवायचं ठरवलंत, तर पहिला प्रश्न जागेचा येतो. माझा निकष एकच आहे: संकेत मोडताना माणसाची नजर जिथे असते, तिथेच तो लिहिलेला हवा.

या निकषावर कोडशेजारची कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्यासाठी लिहिलेली टीप, बहुतेकदा सरस ठरते. विम या एडिटरची ‘नॉर्मल.सी’ ही फाइल पाहा. तिच्या सुरुवातीलाच सांगितलंय की ‘एनव्ही_’ने सुरू होणारी फंक्शन्स नॉर्मल (कमांड देण्याचा) आणि व्हिज्युअल (मजकूर निवडण्याचा) या दोन्ही मोडच्या कमांड हाताळतात, ‘एन_’वाली फक्त नॉर्मलच्या आणि ‘व्ही_’वाली फक्त व्हिज्युअलच्या. एवढ्या मोजक्या ओळींनी पुढच्या हजारो ओळी वाचण्याजोग्या होतात. शिवाय नवी कमांड लिहिणारा याच फाइलमध्ये असतो, त्याला शोधाशोध करावीच लागत नाही.

पण संकेत कोडभर पसरलेला असेल, तर कॉमेंट तोकडी पडते. विममध्येच ऑप्शनची (सेटिंगची) व्हेरिएबल्स ‘पी_’ने सुरू होतात, बफरपुरती (एका उघडलेल्या मजकुरापुरती) असली तर ‘बी_पी_’ने. हे कुठल्या एका फाइलच्या माथ्यावर लिहिणार? अशा ठिकाणी वेगळं मार्गदर्शक लागतं. ईमॅक्स हा एडिटर सी आणि लिस्प या दोन भाषांत लिहिलेला आहे; त्याच्या लिस्प मॅन्युअलमध्ये अंतर्रचनेवर एक परिशिष्टच आहे. लिस्प फंक्शनचं सीमधलं नाव ‘एफ’ लावून बनतं आणि नावातल्या जोडरेघांचे अंडरस्कोअर होतात, हे तिथे उदाहरणासह समजावलंय. हे ठाऊक नसेल, तर लिस्पमधल्या नावावरून सीमधली व्याख्या शोधताना हाती काहीच लागत नाही.

मार्गदर्शकाचा धोका शिळं होण्याचा. ईमॅक्सच्या सी कोडमध्ये पूर्वी गार्बेज कलेक्शनपासून (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करण्यापासून) लिस्प मूल्यं वाचवायला ‘जीसीप्रो’ मॅक्रो लावावे लागत. पुढे कलेक्टर स्टॅक (चालू फंक्शन्सची मूल्यं जिथे असतात ती मेमरी) स्वतःच तपासू लागला आणि ते मॅक्रो काढून टाकले गेले. असा बदल होतो तेव्हा कोड दुरुस्त करावाच लागतो, नाहीतर तो कंपाइल होत नाही. मार्गदर्शक तसंच राहिलं तर कुणाचंच अडत नाही, आणि नवा माणूस मात्र त्यावर विसंबतो. म्हणून मार्गदर्शकात कमीत कमी लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

लिंटर, म्हणजे कोड नियमांना धरून आहे का ते तपासणारा प्रोग्राम, शिळा होत नाही, कारण तो रोज चालतो. २०१४ मध्ये विमपासून फुटलेल्या निओविमने गूगलच्या ‘सीपीपीलिंट’ या लिंटरवरून स्वतःचा ‘क्लिंट’ घडवला. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरमध्ये ‘कॉमन’ फोल्डरमधल्या कोडने ‘ब्राउझर’ किंवा ‘नोड’मधून काही आयात करायचं नाही, हा नियम ईएसलिंट हा लिंटर राखतो. पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) पाठवण्याआधीच चूक दिसते, कुणाचा मान दुखावत नाही. मात्र लिंटर ‘काय’ ते सांगतो, ‘का’ ते नाही. तेव्हा नियम लिहितानाच त्रुटीच्या संदेशात कारणाचं एक वाक्य घाला. आणि प्रत्येक संकेत यंत्राला तपासता येत नाही. ईमॅक्स लिस्पमध्ये नावात दुहेरी जोडरेघ म्हणजे खाजगी बाब. दुसऱ्या पॅकेजने ते नाव वापरणं कधी गैर आणि कधी नाइलाजाचं, हे माणसानेच ठरवायचं.

जागा निवडण्याआधी एक गोष्ट जरूर तपासा: हा खरंच संकेत आहे की यंत्रणेचाच भाग? व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शन होस्ट (एक्स्टेन्शन चालवणारी वेगळी प्रक्रिया) आणि मुख्य बाजू एकमेकांच्या ज्या मेथड बोलावतात, त्यांची नावं डॉलर चिन्हाने सुरू होतात. वाटते ती नुसती पद्धत, पण मधला दुवा असलेली प्रॉक्सी पहिलं अक्षर पाहूनच कॉल पलीकडे धाडते. चिन्ह गाळलंत तर मेथड बोलावलीच जाणार नाही. अशा गोष्टीला ‘शैली’च्या यादीत टाकणं घातक आहे. ती प्रॉक्सीच्या कोडशेजारी, ठळकपणे लिहायला हवी.

कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात नियम नको, इतिहास हवा. ईमॅक्सच्या जुन्या लिस्प फाइलींत डॉकस्ट्रिंगमधली (फंक्शनच्या वर्णनातली) ओळ कंसाने सुरू होत असेल, तर त्याआधी उलटी तिरकी रेघ दिसते. पहिल्या स्तंभातला उघडता कंस म्हणजे व्याख्येची सुरुवात, असं एडिटर धरून चालायचा, म्हणून ती सोय. अशी कारणं इतिहासात शोभतात. अडचण एवढीच की एखाद्या मोठ्या फॉरमॅटिंगच्या कमिटने गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेत) खरा लेखक झाकला जातो. गिट २.२३ पासून (२०१९) अशी कमिट वगळायची यादी देता येते. ती ठेवणार नसाल, तर या पर्यायावर फार भिस्त ठेवू नका.

सगळं करायला वेळ नसेल, तर जुन्या पॅचवरचे अभिप्राय चाळा. एकच खुलासा वेगवेगळ्या लोकांना पुन्हा पुन्हा दिलेला सापडला, की तो संकेत सर्वांत आधी घ्या, आणि ते पॅच ज्या फाइलवर आले होते तिच्याच माथ्यावर लिहा.