शीडवाली कयाक रॅम्पवरून उतरवताना: चाकं, कील-पट्टी, चटई की ट्रेलर?

पैसे कशावर घालायचे ते ठरवायच्या आधी रॅम्पवर, म्हणजे बोटी पाण्यात उतरवायच्या काँक्रीटच्या उतारावर, कयाक नक्की कुठे झिजते ते बघा. पुढचं हँडल उचलून ओढत नेली की सगळं वजन मागच्या टोकाच्या हातभर जागेवर येतं, आणि रॅम्पचं काँक्रीट गाड्यांच्या टायरना पकड मिळावी म्हणून मुद्दाम खाचा पाडून खडबडीत केलेलं असतं, म्हणजे किसणीच झाली ती. दुसरी भानगड त्याहून वाईट, कयाक अर्धी पाण्यात अर्धी काँक्रीटवर असताना शेजारून एखादी मोटरबोट गेली की लाट तिला उचलते आणि दाणकन आपटते, हे दोन-चारदा झालं की ओढून महिनाभरात व्हायचं नुकसान तिथेच होऊन जातं.

साधी कयाक असती तर दोघांनी उचलून पाण्यात ठेवली आणि विषय संपला. पण इथे डोलकाठी, शीड, बाजूचे तरंगते हात, आडव्या दांड्या, पेडलचं युनिट असं सगळं असतं. होबी ॲडव्हेंचर आयलंडसारखी एकट्याची बोट सगळं लावल्यावर 80 किलोच्या पुढे जाते आणि दोघांची टँडम आयलंड शंभरच्या पुढे, तेव्हा ‘ओढू नका, उचला’ हा सल्ला देणाऱ्याने आधी एक टोक धरावं.

माझं मत आधीच सांगतो, एकच गोष्ट घ्यायची असेल तर चाकं घ्या. कील-पट्टी, म्हणजे बोटीच्या पोटाच्या मधल्या कण्यावर चिकटवायची पट्टी, झीज सहन करते, चाकं झीज होऊच देत नाहीत.

पण चाकांच्या कार्टमध्येही दोन जाती आहेत आणि इथेच लोक गडबडतात. एक म्हणजे दांडेवाली, जिचे दोन उभे दांडे कयाकच्या स्कपर होलमध्ये, म्हणजे डेकवरचं पाणी खाली निघून जायला ठेवलेल्या आरपार भोकांत, जातात. लावायला सोपी, पट्टे नकोत, सरकत नाही. अडचण अशी की सगळा भार त्या भोकांच्या कडांवर येतो, आणि रिकाम्या बोटीला ते चालून जातं पण शीड, सामान, पाणी सगळं भरून खड्ड्यातून नेली की भोकाभोवती बारीक चीर पडू शकते, तीही अशा जागी जिथून पाणी थेट हलच्या, म्हणजे बोटीच्या पोकळ अंगाच्या, आत जातं. दुसरी म्हणजे पाळणेवाली, बोटीच्या पोटाखाली रुंद आधार आणि वरून पट्टा. भार पसरतो, पण पट्टा नीट आवळला नाही तर उतारावर मागे सरकते. जड शीडवाल्या बोटीला मी पाळणाच घेईन. दांडेवाली घेतलीच तर बोट बनवणाऱ्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेली घ्या आणि बोट पाण्यात उतरल्यावरच सामान चढवा.

टायरचं म्हणाल तर जाडे, कमी हवेचे फुग्यासारखे टायर वाळूत मस्त चालतात, पण रॅम्पवर त्यांची एक खोड आहे, ते तरंगतात. कार्ट पाण्याखाली दाबून काढावी लागते आणि सुटली की उसळून हलला लागते. बारीक भरीव टायर वाळूत रुततात, पण काँक्रीटवर ठीक चालतात आणि पाण्यात गुपचूप खाली बसतात. तुमच्याकडे रॅम्पच असेल, मध्ये वाळू नसेल, तर भरीव घ्या.

आणि एक, रॅम्पचा उतार साधारण 12 ते 15 टक्के असतो, म्हणजे मीटरमागे 12-15 सेंटीमीटर, ऐकायला काहीच नाही पण खाली शेवाळ असेल आणि 80 किलो चाकांवर असतील तर बोटच तुम्हाला घेऊन जाते. म्हणून बोट पुढे आणि आपण वरच्या बाजूला दोरी धरून, तिच्या खालच्या बाजूला उभं राहायचं नाही. सुकाणू वर घेतलेलं, पेडलचं युनिट काढलेलं किंवा त्याचे पंख पोटाला चपटे केलेले, हे खाली निघायच्या आधीच बघायचं.

आता कील-पट्टी. इथे बोट कशाची आहे यावर सगळं अवलंबून आहे. फायबरग्लासची असेल तर पट्टी लावाच, जेलकोटचा, म्हणजे वरच्या चकचकीत लेपाचा, थर मिलिमीटरभरही नसतो आणि तो गेला की खालचे काचेचे धागे उघडे पडून पाणी पितात. चिकटपट्टी किंवा रेझिनमध्ये भिजवलेला अरामिडच्या (केवलारच्या जातीच्या) कापडाचा तुकडा, दोन्ही छान धरतात. अरामिड मजबूत आहे पण घासल्यावर त्याला लव सुटते, दिसायला घाण, डायनेल या दुसऱ्या कृत्रिम धाग्याचं कापड त्यापेक्षा गुळगुळीत झिजतं.

बोट पॉलिथिलीनची असेल, आणि बहुतेकांची तीच असते, तर जरा थांबा. या प्लास्टिकला गोंद, इपॉक्सी मनापासून चिकटतच नाही. आधी ज्योत फिरवून पृष्ठभाग तयार करावा लागतो आणि तरी हल लवचिक असल्याने कडक तुकड्याच्या कडा उचकटतात. पॉलिथिलीनसाठी बनवलेली मऊ चिकटपट्टी मिळते, ती स्वच्छ पुसून, जरा गरम करून, दाबून बसवली तर बरी टिकते. नाहीतर झिजलेल्या जागी त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून भर घालता येते. फक्त बोट क्रॉसलिंक पॉलिथिलीनची नाही ना ते आधी विचारा, कारण ते प्लास्टिक परत वितळत नाही आणि वेल्डिंग करणारा उगाच जाळून ठेवेल. थोडक्यात प्लास्टिकच्या बोटीला पट्टी म्हणजे चाकं घेतल्यानंतरचा खर्च, आणि तीही पूर्ण लांबीला नको, मागचं टोक आणि जिथे बोट पहिली टेकते तेवढंच पुरे. पट्टी असली तरी अधूनमधून तिच्या कडेने हाताचं बोट फिरवून चीर बघत जा, पट्टीखाली चीर लपते.

चटई, जुना गालिचा, फोमचा तुकडा हा सगळ्यात स्वस्त प्रकार. फोम वाहून जातो, गालिचा पाणी पिऊन बोटीइतका जड होतो, आणि रॅम्प तुमच्या एकट्याचा नाही, मागे ट्रेलरवाले ताटकळत असतात. मला तो फक्त एका कामाला पटतो, परत आल्यावर चाकं आणेपर्यंत बोटीचं टोक टेकवायला.

टँडम असेल आणि दर आठवड्याला जायचं असेल तर मात्र ट्रेलरच बघा. ट्रेलर पाण्यात घालून बोट तरंगवत काढली की काँक्रीटचा संबंधच येत नाही. आधार लांब, गालिचा लावलेल्या फळ्यांचा घ्या, रोलरचा नको, रोलर एकाच जागी दाबतात आणि उन्हात मऊ झालेल्या प्लास्टिकला खड्डे पडतात, आवळलेल्या पट्ट्यांनीही तेच होतं. खर्च चाकांच्या बेअरिंगवर येतो, लांबून आल्यावर तापलेला हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) थेट थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. थोडा वेळ थांबून, हाताला हब गार लागला की मगच पाण्यात घाला, तोवर शीड-दांड्यांची जोडणी रॅम्पच्या बाहेर उरकते. फक्त डोलकाठी उभी करायच्या आधी वर मान करून विजेच्या तारा बघा.