लेक डिस्ट्रिक्ट: तळ्याकाठची गावं, बिनगाडीची सुट्टी

उत्तर इंग्लंडच्या या भागात निवांतपणा हवा असेल तर मुक्काम कुठे करता यावर सगळं ठरतं. लंडनहून येताना ऑक्सनहोमला ट्रेन बदलून विंडरमिअर स्टेशनवर उतरायचं. नाव विंडरमिअर असलं तरी स्टेशनपासून तळं दिसत नाही. काठावरचं बोनेस गाव तिथून अडीचेक किलोमीटर उतारावर आहे. जड बॅगा असतील तर सरळ बस घ्या, कारण परतताना तोच रस्ता चढ होतो.

बोनेस देखणं, पण ऑगस्टमध्ये धक्क्यावर गर्दी उसळते. तिथे फक्त बोट पकडावी आणि तळ्याच्या उत्तर टोकाच्या अँबलसाइड गावी उतरावं. राहायला आमची पसंती ग्रासमिअर गावाला. तळं छोटं, त्याभोवतीची पायी फेरी सपाटीची नसली तरी झेपणारी. चर्चशेजारच्या इवल्याशा दुकानात १८५४ पासूनची जिंजरब्रेड मिळते: वर भुरभुरीत, आत चिवट, आल्याचा झणका घशापर्यंत जाणारा. रांग दाराबाहेर असते, म्हणून सकाळी लवकर जा.

केझिक गावाला डरवेंटवॉटर तळ्यातली लाँच काठाकाठाने धक्क्याधक्क्यावर थांबत जाते. एका धक्क्यावर उतरून पुढच्यापर्यंत चालणं हा इथला सर्वात सुंदर दिवस. मात्र शेवटच्या लाँचची वेळ आधी बघून ठेवा.

हा इंग्लंडमधला सर्वात पावसाळी मुलूख आहे. छत्री वाऱ्यात उलटते. टोपीचा रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूटच कामाचे. स्वच्छ हवेसाठी मे महिना उत्तम.