लाइव्ह ट्रान्स्क्राइब मराठीत कसं चालतं: ऐकू न येणाऱ्या एका बाईचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी माझं सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. मला मोठेपणी ऐकू यायचं बंद झालं, टीबीच्या इंजेक्शनांमुळे, त्या काळी दिली जाणारी काही इंजेक्शनं कानाच्या आतल्या भागाला कायमची इजा करायची. कानाचं मशीन लावलं की आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, कोणीतरी बोलतंय एवढं समजतं, काय बोलतंय ते नाही. आणि माझं बोलणं मात्र अगदी पहिल्यासारखं आहे, त्यामुळे समोरच्याला पटतच नाही की हिला ऐकू येत नाही, मग माणूस तेच वाक्य परत, मोठ्याने आणि थोडं चिडून बोलतो.

तर ॲपबद्दल. गूगलचं आहे, अँड्रॉइडवर फुकट. समोरचा बोलतो ते स्क्रीनवर मोठ्या अक्षरात उमटत जातं, बोलता बोलताच. 2019 च्या फेब्रुवारीत आलं, सुरुवातीलाच सत्तरहून जास्त भाषा होत्या. हे ज्यांच्या डोक्यातून निघालं ते गूगलमधले संशोधक दिमित्री कानेव्हस्की स्वतः लहानपणापासून बहिरे आहेत, आणि वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाची, म्हणजे बहिऱ्यांसाठीच्या विद्यापीठाची, मदत घेऊन हे बनवलंय. वापरताना ते जाणवतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक गोल असतो, त्यात आजूबाजूचा गोंगाट किती आणि बोलणाऱ्याचा आवाज किती हे दिसतं, त्यावरून मला कळतं की फोन अजून जवळ न्यायला हवा का. ऐकू येणाऱ्या माणसाला ही गरज सुचणारच नाही.

मला वाटलेलं हे बाहेरच्या कामांना उपयोगी पडेल, बँक, दवाखाना वगैरे. पण सगळ्यात मोठा फरक घरात पडला. जेवणं झाल्यावर सासूबाई आणि जाऊबाई मटकी निवडत बसतात, गप्पा चालू असतात, हसतात, आणि मी विचारलं "काय झालं?" तर उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, असंच." नाहीतर "नंतर सांगते." कोणी वाईट हेतूने करत नाही, दहा मिनिटांच्या गप्पा परत कोण सांगत बसणार. पण वर्षानुवर्षं तुम्हाला फक्त कामाची वाक्यं मिळतात, जेवायला ये, गॅस बंद कर, पाहुणे येणारेत. आता डब्याला टेकवून फोन मध्ये ठेवते आणि स्क्रीनवर येतं, ती दळण घ्यायला आलेली बाई तासभर इथंच बसली, तिच्या सुनेचं असं झालं, मग जाऊबाईंची कॉमेंट, आणि मी त्यांच्याबरोबर हसते, नंतर नाही. सासूबाई पहिल्यांदा फोनकडे बघत एकेक शब्द सावकाश बोलायच्या, आता विसरूनही जातात की तो तिथं आहे.

मराठी किती बरोबर येतं? प्रमाण मराठी, एकच माणूस, शांत खोली असेल तर फार छान येतं. आमच्याकडचं सांगली मिरजेचं बोलणं आलं की गडबड, "आलतो", "गेलती" याचं काहीतरी भलतंच होतं, आणि गावांची नावं तर विचारू नका. वाचता वाचता सवय होते, चुकलेला शब्द मागच्यापुढच्यावरून लागतो. आकड्यांचं मात्र जपून. मी पतसंस्थेत हिशोबाला आहे, तिथं सत्तावीस की सदतीस असा घोळ चालत नाही, त्यामुळे आकडा आला की मी तो कागदावर लिहून समोर धरते आणि मग व्हाउचर करते, हा नियम सगळ्यांनीच पाळावा. कोण बोलतंय ते दाखवत नाही, चार जण एकदम बोलले की सगळ्यांचं एकाच परिच्छेदात मिसळतं, मीटिंगमध्ये हे जड जातं. तिथं कॉलर माइक लावला की बराच फरक पडतो, साधा वायरवाला चालतो, जो बोलेल त्याच्याकडे द्यायचा, आणि गंमत म्हणजे त्यामुळे लोक एकेक करून बोलायला लागले.

सेटिंगमध्ये पहिली भाषा मराठी आणि दुसरी इंग्रजी ठेवा, एका बटणावर बदलते. आपलं नाव कोणी घेतलं की फोन थरथरतो अशी सोय पण आहे. ती चालू करून मी दिव्यांग प्रमाणपत्राच्या कामाला एका सरकारी दवाखान्यात गेले होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांची ऐकण्यातली घट 70 डेसिबल (आवाजाचं माप) असेल तर बहिरेपणा आणि 60 ते 70 असेल तर कमी ऐकू येणं, त्यासाठी ऑडिओग्राम म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, आणि गरज पडली तर बेरा टेस्ट म्हणजे आवाजाला मेंदूचा प्रतिसाद बघणारी तपासणी करावी लागते. आता बघा, कानाच्या तपासणीची रांग, बसलेले सगळे न ऐकणारे, आणि नंबर कसा पुकारणार तर दारात उभं राहून ओरडून! हॉलमध्ये पंखे, रडणारी पोरं, फोन काही थरथरला नाही. शेवटी दाराजवळच्या बाकावर बसले आणि शिपाईदादांना फोन दाखवून सांगितलं की याच्याकडे बघून बोला, त्यांनी खरंच प्रत्येक वेळी वाकून नाव सांगितलं, माझंच नाही, बाकीच्यांचंही. पण तिथं एक नंबर दाखवणारा बोर्ड लावला तर हे कोणालाच करावं लागणार नाही. आमच्या हातात ॲप आलं म्हणून समोरच्या ऑफिसची जबाबदारी संपत नाही, हे मला फार मनापासून सांगायचंय.

फोन कॉलला अडचण आहे. ज्या फोनवर बोलताय त्याच फोनवर ॲपला तो आवाज मिळत नाही, म्हणून कॉल स्पीकरवर टाकायचा आणि दुसऱ्या मोबाईलवर ॲप चालू करून शेजारी ठेवायचा. एका बँकेच्या व्हिडिओ केवायसीला, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख तपासतात त्याला, मी असंच केलं. त्याआधी तिथल्या माणसाने "ग्राहक प्रतिसाद देत नाही" म्हणून कॉल कट केला होता, कारण तो काय विचारतोय तेच मला कळत नव्हतं आणि चॅटची सोय नाही. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल केवायसीवर निकाल दिलाय, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन माणसांच्या याचिकांवर, त्यात डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरलाय आणि 20 निर्देश दिलेत. तुम्हाला असा कॉल कट झाला तर तक्रारीत या निकालाचा उल्लेख जरूर करा.

दरवाजा वाजला, बाळ रडलं, कुत्रं भुंकलं असे आवाज ओळखून थरथरण्याची सोय त्याच ॲपमध्ये मिळते. दार नेहमी पकडतं. कुकरची शिट्टी त्या यादीत नाही, आपल्या घरांसाठी ती हवीच. माझ्या फोनवर मराठीला नेट लागतं, रेंज गेली की अक्षरं थांबतात, आणि बॅटरी भराभर उतरते, पॉवर बँक जवळ ठेवा. बोलणं साठवायचं की नाही ते आपण ठरवायचं, चालू ठेवलं तर तीन दिवस राहतं, मी घरच्या गप्पांना बंद ठेवते आणि डॉक्टरांकडे जाताना चालू करते.

जन्मापासून बहिरे असलेले माझे ओळखीचे काही जण आहेत, त्यांची भाषा खुणांची, भराभर धावणारं लिखित मराठी त्यांना दमवतं. त्यांना दुभाषी हवा, हे ॲप दाखवून त्यांची बोळवण करू नये. मोठेपणी ऐकणं गेलेल्यांना आणि वय झाल्यावर कमी ऐकू यायला लागलेल्यांना मात्र आजच लावून द्या. आजीआजोबांसाठी अक्षरं सगळ्यात मोठी करा, होम स्क्रीनवर आयकॉन ठेवा, आणि पहिले काही दिवस घरातल्यांनीच फोन आपल्या तोंडाजवळ धरून बोला, त्यांना धरायला लावू नका.