घोंगड्याचा टंच

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईच्या धंद्यापायी देशात कुठं कुठं पोचली आहेत, ते विट्यात कुणालाही विचारा. सोनारांच्या दुकानातली राख-कचरा गाळून सोनं काढायचं, वितळवायचं, टंच, म्हणजे सोनं किती शुद्ध ते, काढून द्यायचा. मालकांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, मामा याच कामापायी श्रीनगरला. 2024 च्या दिवाळीनंतर त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. मी, मालक आणि सहा वर्षांचा पोरगा. विट्यात मार्च लागला की पत्र्याखाली भाकरी थापायला बसवत नाही, आणि थंडी म्हणजे पहाटे अंगणात पाचट पेटवून शेकण्यापुरती. त्या घरातून उठून बर्फात जायचं होतं.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "रजया तिकडंच घ्या, ती माणसं थंडी जाणतात. पण घोंगडं इथलं न्या. तुझ्या सासऱ्यांनी सगळी राखण घोंगड्यावर काढली."

पहिलं घोंगडं आम्ही एका दुकानातून आणलं. नऊशे रुपये, 'शुद्ध लोकर' अशी चिठ्ठी, हाताला मऊ. मालकांना सोन्याची सवय, ते कशावर लगेच विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी कडेचा एक धागा उसवला, चिमट्यात धरला आणि पेटवला. लोकर जळाली की केस जळाल्याचा वास येतो आणि मागं राहिलेली राख बोटांत चुरते. हा धागा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. दुकानदारानं ते परत घेतलं नाही. घोंगडं घ्यायला जाल तेव्हा एक धागा मागून घ्या आणि तिथंच जाळून बघा. खरा माल विकणारा कधी नाही म्हणत नाही.

मग म्हसवडला गेलो. सातारा जिल्ह्यातलं, माणगंगेच्या काठचं, सिद्धनाथाचं गाव. तिथं एका सणगर, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या समाजातल्या, अण्णांच्या घरी माग आहे, जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचा. आत शिरल्या शिरल्या ओल्या लोकरीचा आणि उकळलेल्या चिंचोक्याचा वास आला. विणण्याआधी ताण्याच्या धाग्याला चिंचोक्याची खळ देतात, कुंच्यानं चोळून. त्याशिवाय हातानं कातलेला धागा मागावर टिकत नाही. अण्णांच्या घरातल्या बायका चरख्यावर बसल्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी मेंढीच्या काळ्या लोकरीचा पेळू ओढून धागा केला. एका घोंगड्यामागं किती हात लागतात ते बघितल्यावर मी भाव केला नाही. अडीच हजाराला एक अशी दोन घेतली. प्रत्येकी वजन अडीच किलोच्या आसपास.

अण्णांनी विचारलं, "पांघरायला का अंथरायला?"

मी म्हटलं, "पांघरायला."

"मग नेऊन बघा. पण माझं ऐकाल तर अंथरा."

तेव्हा मी त्यांचं ऐकलं नाही.

पुण्यातून झेलम एक्स्प्रेसनं जम्मू, पुढं गाडीनं घाट. घोंगडी पोत्यात बांधून नेली होती. नोव्हेंबरात श्रीनगरला भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या, पहिल्याच रात्री घोंगडं अंगावर घेतलं आणि पहाटेपर्यंत मानेला, हनुवटीला पुरळ उठलं. पोरगा तर रडायलाच लागला. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ असते, त्यात नव्या घोंगड्यात खळ. ते टोचणारच. थंड पाण्यात रिठा घालून दोनदा धुतल्यावर खळ गेली, बराच नरमपणा आला. पण तिथं नोव्हेंबरच्या उन्हात ते वाळायला चार दिवस लागले. हे धुणं विट्यातच उरकायला हवं होतं. मे महिन्यात आपल्या गच्चीवर एका दुपारी खडखडीत वाळतं.

आणि एक उणं सांगते, रुंदी कमी. एका माणसाला पुरतं. पोराला कुशीत घेतलं की एकाची पाठ उघडी. पांघरूण म्हणून मी याला दहापैकी चारच गुण देईन.

घरमालकीण आपांनी एक दिवस ते घोंगडं हातात घेऊन उलटंसुलटं केलं, नाकाशी धरलं, आणि हिंदीत म्हणाल्या की हे अंगावर कशाला घेता, हे तर खालचं आहे. काश्मिरी घरात फरशीवर गवताची चटई असते, तिच्यावर नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड अंथरूण. त्यांनीच आमची गादी उचलून खाली दोन्ही घोंगडी दुहेरी करून घातली. म्हसवडच्या अण्णांनी जे सांगितलं तेच श्रीनगरच्या आपांनी केलं, एकमेकांना न बघता, न ओळखता.

मला तोवर वाटायचं, थंडी वरून येते. ती फरशीतून येते. कापसाची गादी अंगाच्या भारानं दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि खालचा गारठा थेट पाठीला भिडतो. राठ लोकर तशी दबत नाही, आत हवा धरून ठेवते. जो राठपणा मानेला टोचत होता, तोच गादीखाली कामाला आला. शिवाय लोकर ओल पिऊन घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. आमची गादी हिवाळाभर एकदाही दमट झाली नाही.

21 डिसेंबरला तिथं चिल्लई कलाँ सुरू होतं. 40 दिवस कडाक्याची थंडी, त्यानंतर 20 दिवसांचं चिल्लई खुर्द, मग 10 दिवसांचं चिल्लई बच्चा. आमच्या पहिल्याच वर्षी, बरोबर त्या 21 तारखेला, पारा उणे 8.5 वर गेला. डिसेंबरातली पन्नास वर्षांतली सर्वांत थंड रात्र होती, असं दुसऱ्या दिवशी बातम्यांत सांगितलं. दल सरोवराच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरला होता, नळातलं पाणी पायपात गोठलं. वीज जाऊन येऊन. अंगावर तिथली कापसाची जाड रजई, खाली म्हसवडचं घोंगडं. पोरगा रात्रभर पाय न आखडता झोपला. मी मात्र जागीच होते, दर तासाला त्याच्या पायांना हात लावून बघत होते. गरम होते.

आणखी एक प्रसंग. तिथं मातीच्या भांड्याभोवती काड्यांची टोपली विणलेली कांगडी असते, आत कोळशाचे निखारे, फेरनच्या, म्हणजे तिथल्या लांब सैल अंगरख्याच्या, आत धरून बसायची. जानेवारीत माझ्या हातून कांगडी कलंडली आणि एक निखारा घोंगड्यावर पडला. केस जळाल्याचा वास आला, बोटाएवढं भोक पडलं आणि तिथंच विझलं. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. शेजारी पॉलिस्टरचं मिंक ब्लँकेट होतं, त्यावर पडला असता तर ते वितळून कातडीला चिकटलं असतं. त्या दिवसापासून निजताना कांगडी खोलीबाहेर. थंडीला भिऊन खिडक्या गच्च लावून कोळसा जवळ ठेवू नका. त्याच्या वायूनं माणसं झोपेतच जातात.

पांघरायला चार गुण दिले, अंथरायला मी दहापैकी नऊ देते. एक गुण कापला तो कसरीसाठी, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीसाठी. उन्हाळ्यात गुंडाळून ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, नाहीतर कसर लागून चाळण होते. कडुनिंब श्रीनगरला मिळत नाही. आत्या विट्यातून पाकिटात पाठवतात, बरोबर शेंगदाण्याची चटणी.

आमच्या भागातून कुणी थंड मुलखात निघालं असेल तर अण्णांसारख्या विणकराच्या घरी जाऊन घ्या. सांगताना "अंथरायचं, जाड विणीचं" असं सांगा. धुऊन, वाळवून मगच गाडीत चढवा. आणि तिकडच्या रजईला पर्याय म्हणून नेऊ नका, दोन्ही लागतात.

या दिवाळीला विट्याला येतोय. अण्णांना फोन करून तीन घोंगडी सांगून ठेवली आहेत. दोन आमच्यासाठी, हातभर जास्त रुंद. तिसरं आपांना. त्यांनी रंग बजावून सांगितलाय, रंगवलेलं नको, मेंढीचा असतो तोच काळा.