मनातली मॉड्यूल: मोजकी की जिकडेतिकडे?

मनात खास कामांच्या खास यंत्रणा, म्हणजे मॉड्यूल, असतात, इथवर दोन्ही बाजूंचं जमतं. वाद आहे तो त्या किती, यावर.

तत्त्वज्ञ जेरी फोडर यांनी 1983 मध्ये मांडलेली बाजू हात राखून बोलते. दृष्टी, श्रवण, भाषा अशा माहिती आत आणणाऱ्या यंत्रणाच मॉड्यूल: झटपट, आपोआप चालणाऱ्या आणि बाकीच्या मनाचं न ऐकणाऱ्या. म्युलर-लायर आकृती घ्या. दोन सारख्या रेघा, फक्त टोकांवरचे बाण उलटसुलट. पट्टी लावा, लांबी तंतोतंत जुळते. पट्टी उचलली की पुन्हा एक लांब दिसते ती दिसतेच. डोळ्यांना आपल्या ज्ञानाशी देणंघेणं नाही. विचार मात्र फोडर या चौकटीत बसवत नाहीत. तिथे कुठलीही माहिती कामी येऊ शकते.

उत्क्रांतीच्या अंगाने मन अभ्यासणारे लीडा कॉस्मिडीस आणि जॉन टूबी यांच्या मते विचारही उत्क्रांतीने घडवलेल्या मॉड्यूलांचाच खेळ. त्यांचा हुकमी पुरावा म्हणजे मानसशास्त्रज्ञ वेसनचं पत्त्यांचं कोडं: समोर चार पत्ते, दिलेला नियम पाळला गेलाय का हे पाहायला कोणते उलटायचे? ‘एका बाजूला स्वर असेल तर मागे सम अंक हवा’ हा नियम तपासताना बहुतेक जण चुकतात. तोच साचा ‘दारू पिणारा सज्ञान हवा’ असा मांडला की बहुतेकांना जमतो. कारण इथे नियम मोडणारा शोधायचा असतो. म्हणून म्हणे, लबाडी पकडणारं मॉड्यूल! ही उडी मला फारच लांबची वाटते. ओळखीच्या नियमावर डोकं बरं चालतं, एवढंही कारण पुरेल.

वाचन मात्र दोघांनाही अडचणीचं. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, म्हणजे उत्क्रांतीने घडवलेली यंत्रणा म्हणावी तर फारच नवी, तरी सरावलेल्या वाचकाला समोरचा शब्द न वाचणं जमतच नाही, अगदी मॉड्यूलसारखं.