इंजिन रिबिल्डचे २,६६,००० रुपये घेतले, ब्लॉकला बोअरिंग केलंच नाही

गाडी २००२ ची होंडा सिटी व्हीटेक. १.५ लिटर, १०६ पीएस. ज्यांना हिचं वेड आहे त्यांना ते का हे सांगायला नको. ऑइल खायला लागली, कॉम्प्रेशन उतरलं, म्हणून पुण्यातल्या एका ‘परफॉर्मन्स’वाल्या गॅरेजला दिली. नुसतं रिंग-पिस्टन न करता फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन, ‘गरम’ म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडून ताकद वाढवणारा कॅमशाफ्ट, हेडचं पोर्टिंग (हवेच्या वाटा मोठ्या करणं) असं सगळंच करायचं ठरलं.

अॅडव्हान्स १,००,०००. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचे ९२,०००. कॅमशाफ्टचे ३८,५००. हेडकामाचे १४,०००. शेवटी ‘माल कस्टममध्ये अडकलाय’ म्हणून आणखी २१,५००. सगळे यूपीआयने, त्यातले निम्मे गॅरेजवाल्याच्या मेहुण्याच्या खात्यावर. ‘जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल’, म्हणून पक्कं बिल नाही. जुन्या गाड्यांच्या कामात असंच चालतं, कोणीही सांगेल.

पण एक गोष्ट रात्र-रात्र डोक्यातून जात नाही. त्याने पिस्टनच्या बॉक्सचा फोटो पाठवला होता. स्टिकरवर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, लिहिला होता ८१. माझ्या इंजिनाचा बोअर ७५ मिलिमीटर, ब्लॉकमधले सिलिंडर कोरून (हेच बोअरिंग) अर्धा मिलिमीटर मोठे, ओव्हरसाइज पिस्टन घालून ७५.५ होणार होता. सहा मिलिमीटर बोअर वाढवून हा ब्लॉक टिकेल का? मी विचारलं. म्हणाला, ‘साहेब, बॉक्स एकच असतो, आतला माल वेगळा.’ मी बँकेत नोकरी करतो, मशीन शॉपमध्ये नाही. वीस वर्षं इंजिन उघडणारा माणूस छातीठोकपणे सांगतो, तेव्हा गिऱ्हाइकाने काय करायचं? जुने पिस्टन मागितले तर ‘भंगारात गेले’. जुने पार्ट पिशवीत भरून परत मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

गाडी देताना बजावलं: पहिले हजार किलोमीटर ३,००० आरपीएमच्या वर न्यायची नाही. रनिंग-इन, म्हणजे नवे पार्ट मुरवणं, म्हणून हे बरोबरच आहे, पण याच काळात त्याला वेळ मिळाला. गाडी ओढायचीच नाही म्हटल्यावर ताकद वाढली की नाही हे कळणार कसं? निळा धूर यायचा, तर म्हणे रिंगा बसतायत.

शेवटी कोल्हापूरला उद्यमनगरात हेड उतरवलं. मिस्त्रींनी पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि मला वाकून बघायला लावलं. ओव्हरसाइजचा ०.५० चा शिक्का कुठेच नाही. बोअर गेज घालून माप घेतलं, ब्लॉक स्टँडर्डच, म्हणजे मूळ मापाचा. आतून नुसता पॉलिश पेपर फिरवलेला. कॅमशाफ्टही माझाच, जुन्या झिजेच्या खुणांसकट. नवीन काय, तर लोकल रिंगा आणि हेड पॅकिंग. बोअरिंगनंतर मशीन शॉपमध्ये स्वतः उभं राहून माप घ्या, फोटो काढा. गॅरेजवाला नको म्हणाला तर गाडी तिथून उचला.

पोलिसांकडे गेलो. ‘हे सिव्हिल मॅटर आहे.’ मी म्हटलं, जे काम केलंच नाही त्याचे पैसे घेतले, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक नाही तर काय आहे? त्यावर साहेब मलाच विचारतात, ‘इंजिन मॉडिफाय करायला परवानगी घेतली होती का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहितीये?’ म्हणजे चोर तो आणि आरोपी मी! अर्ज घेतला, पोच द्यायला दोन तास बसवून ठेवलं, आणि तपासाचं विचारलं की बंदोबस्त असतो. वर एक हवालदार म्हणतो, एवढ्या पैशात दुसरी सेकंडहँड गाडी आली असती. हे ऐकायला गेलो होतो का मी? बँकेचं उत्तर, पैसे तुम्हीच स्वतःहून पाठवलेत. आरटीओत इंजिन नंबर जुळतोय म्हणून विषय संपला. पोलिसांकडून पोच मात्र सोडू नका, मागून मागून घ्या.

आता ई-जागृती पोर्टलवर ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नाही म्हणून यूपीआयचं स्टेटमेंट, व्हॉट्सअॅपचे मेसेज, ८१ वाल्या बॉक्सचा फोटो आणि उद्यमनगरच्या मिस्त्रींनी सहीनिशी लिहून दिलेली चारही सिलिंडरची मापं जोडली आहेत. याच गॅरेजमध्ये ज्यांचं इंजिन उघडलं गेलं असेल त्यांनी आजच जाऊन पिस्टनचे शिक्के बघावेत.